चंद्रपूरचा ट्रेलर, न्हावा-शेवाचे गेट

महाराष्ट्राच्या पूर्व टोकाला असलेले चंद्रपूर आणि गडचिरोली हे वनसंपन्न जिल्हे राज्यातील समुद्रापासून सर्वांत दूर असलेल्या प्रदेशात मोडतात. चंद्रपूरहून न्हावा-शेवा बंदरापर्यंतचे रस्त्याचे अंतर साडेआठशे ते नऊशे किलोमीटरच्या घरात जाते. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरपासून वेगळा झालेला गडचिरोली जिल्हा १४,४१२ चौरस किलोमीटर पसरलेला असूनही रेल्वे तेथे वर्षानुवर्षे देसाईगंज-वडसा या एकाच ठिकाणी स्पर्श करून गेली, त्यामुळे बाहेर जाणारा आणि आत येणारा बहुतेक माल ट्रकच्या पाठीवरूनच फिरतो. या ट्रकांपैकी सर्वांत मोठी संख्या वेस्टर्न कोलफील्ड्स म्हणजे वेकोलिच्या खाणींतील कोळसा, सुरजागडचे लोहखनिज आणि गडचांदूर, आवारपूर, उपरवाही या पट्ट्यातील सिमेंट वाहणाऱ्यांची आहे, आणि हा माल कंटेनरात जात नाही. परंतु बल्लारपूरचा कागद, मूल-सावली भागातील गिरण्यांचा तांदूळ, फेरो अलॉयसारखे मिश्रधातू आणि परदेशातून येणारी यंत्रसामग्री हा सारा पेटीत मावणारा माल आहे. त्याच्या निमित्ताने या जिल्ह्यांतील चालकाला कधी नागपूरच्या कंटेनर डेपोत, तर कधी थेट बंदराच्या गेटवर उभे राहावे लागते. त्या गेटवर जाण्यापूर्वी कोणती तयारी करावी लागते आणि ती का करावी लागते, हा या प्रकरणाचा विषय आहे.

कंटेनर म्हणजे ठरावीक मापाची पोलादी पेटी. वीसफुटी पेटी ६.०६ मीटर लांब, २.४४ मीटर रुंद आणि २.५९ मीटर उंच असते, तर चाळीसफुटी पेटीची लांबी १२.१९ मीटर असते आणि तिच्या उंच प्रकाराची उंची २.९० मीटर भरते. बंदराची उलाढाल वीसफुटी पेट्यांच्या हिशेबात मोजतात आणि त्या एककाला टीईयू म्हणतात. २६ मे १९८९ रोजी सुरू झालेल्या जवाहरलाल नेहरू बंदराने, म्हणजेच न्हावा-शेवाने, २०२४-२५ या वर्षात सुमारे ७३ लाख टीईयू हाताळले. एवढ्या पेट्या हाताळणाऱ्या ठिकाणी प्रत्येक गाडीसाठी थांबून चौकशी करणे शक्य नसते. तेथे आधी भरलेली माहिती आणि समोर उभी असलेली गाडी एवढेच ताडून पाहिले जाते. ताडणी जुळली तर फाटक उघडते आणि जुळली नाही तर गाडी रांगेतून बाजूला घेतली जाते. गेटवर काहीही दुरुस्त होत नाही, ही गोष्ट चालकाने आणि त्याच्या मालकाने सर्वांत आधी समजून घ्यायला हवी. उरण-पनवेलच्या चालकाला एखादा कागद आणायला परत जाता येते. चंद्रपूरच्या चालकाला ती सोय नाही, म्हणून त्याची तयारी निघण्याच्या ठिकाणीच पुरी व्हावी लागते.

या ताडणीची सवय वनजिल्ह्यातील चालकांना मुळात आहे, आणि ही त्यांची मोठी जमेची बाजू आहे. आलापल्ली किंवा बल्लारशाहच्या आगारातून सागवान भरणाऱ्या चालकाला वाहतूक परवान्याशिवाय, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेल्या टी.पी.शिवाय, वन तपासणी नाका ओलांडता येत नाही. त्या टी.पी.वर लाकडाची जात, नगांची संख्या, घनमाप, गाडीचा क्रमांक, मार्ग आणि मुदत लिहिलेली असते, आणि नगांवर उमटवलेली हातोडा निशाणी परवान्याशी जुळावी लागते. अयोध्येच्या राममंदिरासाठी मार्च २०२३ मध्ये बल्लारपूरहून रवाना झालेले सागवानही हाच शिरस्ता पाळून गेले. हा कागद किती मोलाचा असतो हे मेंढा (लेखा) गावाच्या इतिहासातून दिसते. वनहक्क कायद्याने मिळालेल्या जंगलातील बांबू विकायला ग्रामसभेला स्वतःचे टी.पी. पुस्तक हवे होते, आणि २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांच्या उपस्थितीत ते तिच्या हाती आले तेव्हाच त्या हक्काला व्यवहारात अर्थ आला. नाक्यावर वनरक्षक डोळ्यांनी नग मोजतो आणि बंदरात हेच काम संगणक, कॅमेरे आणि गाडीवरची रेडिओ पट्टी करतात, एवढाच दोन्हींतला फरक आहे. वनरक्षकाला एखादी गोष्ट समजावून सांगता येते, यंत्राला ती सांगता येत नाही.

कंटेनरच्या बाबतीत हातोडा निशाणीचे काम पेटीचा क्रमांक करतो. तो चार इंग्रजी अक्षरे, सहा अंक आणि चौकटीतला सातवा अंक असा बनलेला असतो. पहिली तीन अक्षरे मालक कंपनीची असतात, चौथे अक्षर मालवाहू पेटीसाठी यू असते, पुढचे सहा अंक पेटीचा अनुक्रमांक सांगतात आणि शेवटचा अंक आधीची सगळी माहिती बरोबर लिहिली गेली आहे की नाही याची साक्ष देतो. त्याला पडताळणी अंक म्हणतात. तो काढण्याची रीत आंतरराष्ट्रीय मानकात ठरवून दिलेली आहे आणि ती समजून घेण्यात वेळ फुकट जात नाही, कारण गेटवरच्या अडचणींमध्ये चुकीच्या क्रमांकाची अडचण सर्वांत टाळता येण्याजोगी असते.

नमुन्यादाखल सी-एस-क्यू-यू ३०५४३८, पडताळणी अंक ३, हा क्रमांक घेऊ. प्रत्येक अक्षराला एक किंमत असते. ती ए साठी १० पासून सुरू होते आणि पुढे जाताना ११, २२ आणि ३३ हे अकराच्या पटीतील आकडे वगळले जातात. त्यामुळे सीची किंमत १३, एसची ३०, क्यूची २८ आणि यूची ३२ येते. आता डावीकडून पहिल्या स्थानाला १ ने, दुसऱ्याला २ ने, तिसऱ्याला ४ ने, असे दरवेळी दुप्पट करत दहाव्या स्थानाला ५१२ ने गुणायचे. अक्षरांचे गुणाकार १३, ६०, ११२ आणि २५६ येतात, अंकांचे ४८, ०, ३२०, ५१२, ७६८ आणि ४,०९६ येतात, आणि सर्वांची बेरीज ६,१८५ होते. तिला ११ ने भागले की बाकी ३ उरते, आणि चौकटीत ३ च लिहिलेला असतो. बाकी १० आली तर शून्य धरतात. आता लिहिणाऱ्याच्या हातून ४ आणि ३ यांची अदलाबदल होऊन ३०५३४८ असे उतरले आहे असे समजू. बेरीज ६,३१३ होते, बाकी १० येते, म्हणजे चौकटीत शून्य हवा होता, आणि संगणक तो क्रमांक तिथल्या तिथे नाकारतो. चालकाने हा हिशेब रस्त्यावर करत बसण्याची गरज नाही, भ्रमणध्वनीवर तो क्षणात होतो. मात्र पेटीच्या दारावर, बाजूवर आणि छतावर लिहिलेला क्रमांक स्वतः वाचून, पडताळणी अंकासह, बिल्टीवरील क्रमांकाशी अक्षर न् अक्षर ताडून पाहणे त्याच्या हातात आहे, आणि ते काम दुसऱ्यावर सोडू नये.

निर्यातीच्या मालासाठी चालकाची पहिली उचल रिकाम्या पेटीची असते. जहाज कंपनीकडून पेटी उचलण्याचा आदेश निघतो, त्यात कोणत्या यार्डातून, कोणत्या मापाची आणि किती तारखेपर्यंत पेटी उचलायची हे लिहिलेले असते, आणि पेटी ताब्यात घेताना तिच्या स्थितीची नोंद असलेली देवघेव पावती मिळते. ही पावती घाईत सही करून खिशात घालण्याचा कागद नाही. पेटीच्या बाजूला पोचा, वाकलेली दांडी किंवा फाटलेले रबर पावतीवर लिहून घेतले नाही, तर परत करताना तीच खराबी उचलणाऱ्याच्या माथी लागते आणि भरपाई बहुधा भाड्यातून कापली जाते.

तांदूळ आणि कागद या दोन्हींचा मोठा शत्रू ओलावा असल्यामुळे रिकाम्या पेटीची एक तपासणी कधीही चुकवू नये. चालकाने दिवसाच्या उजेडात पेटीच्या आत उभे राहावे आणि सोबत्याने बाहेरून दोन्ही दारे लोटून घ्यावीत, कडी मात्र लावू नये. अंधारात डोळे सरावले की छतावर किंवा कोपऱ्यांच्या सांध्यांवर टाचणीच्या टोकाएवढा जरी उजेड दिसला तरी तेथून पाणी शिरणार हे नक्की समजावे. याच वेळी नाकाने वास घ्यावा, कारण आधीच्या रसायनाचा किंवा कातड्याचा वास तांदळात उतरतो. लाकडी तळावर हात फिरवून तो ओला आहे का आणि त्यातून खिळे वर आले आहेत का हे पाहावे, आणि बाहेर धोकादायक मालाचे जुने स्टिकर चिकटलेले असल्यास ते काढायला लावावे. खराब पेटी यार्डातच नाकारता येते. पूर्व विदर्भातल्या पावसाळ्यात गिरणीच्या आवारात माल भरून झाल्यावर छताचे भोक सापडले, तर त्या वेळी करता येण्यासारखे फारसे काही उरत नाही.

वजनाचा विषय वेकोलिच्या फेऱ्या मारलेल्या चालकाला नवा नाही. खाणीत आत जाताना रिकाम्या गाडीचा काटा होतो, बाहेर येताना भरलेल्या गाडीचा होतो आणि दोन्हींच्या फरकाला कोळसा म्हणतात. कंटेनरमध्ये या हिशेबात तिसरा आकडा येतो, तो म्हणजे खुद्द पेटीचे वजन. वीसफुटी पेटी सव्वादोन टनांच्या आसपास भरते, चाळीसफुटी पावणेचार टनांच्या आसपास, आणि नेमका आकडा दारावर रंगवलेला असतो. १ जुलै २०१६ पासून आंतरराष्ट्रीय नियमाने असे ठरवले आहे की भरलेल्या पेटीचे पडताळलेले एकूण वजन जाहीर केल्याशिवाय ती जहाजावर चढवता येत नाही. असा नियम करावा लागला, कारण वजन खोटे सांगितलेल्या पेट्या चुकीच्या जागी रचल्या गेल्या की थर कोसळतात आणि जहाजाचा तोल बिघडतो. हे वजन काढण्याच्या दोन रीती मान्य आहेत. एकीत भरलेली पेटीच काट्यावर तोलतात, दुसरीत माल, वेष्टने आणि लाकडी आधार वेगवेगळे तोलून त्यांत पेटीचे वजन मिळवतात. जाहीर केलेला आकडा आणि काटा पावती यांत तफावत असेल तर ती निघण्यापूर्वीच उघड व्हायला हवी.

बंदराची मर्यादा एक आणि रस्त्याची दुसरी, हे लक्षात न घेतल्यामुळे अनेक गाड्या अडकतात. जुलै २०१८ मध्ये केंद्र सरकारने आसभाराच्या मर्यादा वाढवल्या. जोड-आसाची मर्यादा १९ वरून २१ टन झाली आणि ट्रेलरसह गाडीचे कमाल एकूण वजन ४९ वरून ५५ टन झाले. ५५ टनांची परवानगी असलेल्या गाडीचे स्वतःचे वजन १५ टन धरले तर पेटीसह ४० टन उरतात. चाळीसफुटी ट्रेलरवर दोन वीसफुटी पेट्या ठेवायच्या असतील, तर त्यांचे साडेचार टन वजा जाऊन प्रत्येकीत पावणेअठरा टनांच्या आसपासच माल बसतो. तांदळासारख्या जड मालाने पेटी अर्धी-पाऊण भरेपर्यंतच ही मर्यादा गाठली जाते, म्हणून रिकामी जागा दिसते तेवढी भरून टाकण्याची सवय येथे घातक ठरते. भार कोठे पडतो हेही तितकेच महत्त्वाचे असते. एकच जड पेटी ट्रेलरच्या अगदी शेवटी ठेवली तर पुढची चाके हलकी होऊन स्टेअरिंग सुटते, आणि अगदी पुढे ठेवली तर ओढणाऱ्या भागाचे आस मर्यादेबाहेर दबतात. अशी पेटी मधल्या कुलपांवर बसवावी लागते आणि त्यासाठी ट्रेलरला मधली कुलपे आहेत की नाही हे उचलीला निघण्यापूर्वी पाहावे लागते.

माल भरताना चालकाने जवळ उभे राहावे, कारण एकदा सील लागले की आत पाहण्याचा अधिकार त्याला राहत नाही. कागदाची रिळे पाचरी न लावता उभी केली असतील, तर वळणावर ती एका बाजूला कलतात आणि ट्रेलर उलटवू शकतात. कोळशाच्या उघड्या डाल्यात भार नजरेसमोर असतो, पेटीतला भार मात्र डोळ्यांआड असतो. कोळशाकडून कंटेनरकडे वळलेल्या चालकाने बदलायची सर्वांत मोठी सवय हीच आहे. सील लागण्यापूर्वी आतल्या मालाचे आणि सील लागल्यावर सीलच्या क्रमांकाचे छायाचित्र काढून मालकाला पाठवून ठेवल्यास पुढचे बरेच वाद मिटतात.

२०१७ च्या अखेरीपासून कारखान्यातच पेटी बंद करणाऱ्या निर्यातदारांसाठी इलेक्ट्रॉनिक सीलची पद्धत लागू झाली. या सीलमध्ये रेडिओ लहरींनी वाचता येणारी चकती असते, आणि तिच्या क्रमांकासोबत पेटीचा क्रमांक, निर्यातीचा शिपिंग बिल क्रमांक, सील लावल्याची तारीख-वेळ आणि गाडीचा क्रमांक अशी माहिती आधीच नोंदवली जाते. यातली गाडीच्या क्रमांकाची नोंद चालकांनी विशेष ध्यानात ठेवावी. जालन्याच्या पुढे गाडी बंद पडली आणि मालकाने दुसरी गाडी पाठवून पेटी तिच्यावर हलवली, तर सील शाबूत असूनही नोंद जुळत नाही. ई-वे बिलाच्या दुसऱ्या भागातही गाडीचा क्रमांक असतो आणि तोही बदलावा लागतो. म्हणून गाडी बदलण्याचा निर्णय झाल्याबरोबर निर्यातदार आणि त्याचा कस्टम दलाल या दोघांनाही कळवावे, गेटवर पोहोचेपर्यंत थांबू नये.

वेळेचे गणित हा या तयारीतला सर्वांत अवघड भाग आहे. प्रत्येक जहाजासाठी टर्मिनलचे गेट काही दिवस आधी उघडते आणि ठरलेल्या वेळी बंद होते. उशिरा आलेली पेटी मागे राहते, तिला शटआउट झाली असे म्हणतात, आणि फार लवकर आलेल्या गाडीला वाहनतळावर ताटकळावे लागते. चंद्रपूरहून निघालेल्या चालकाला वरोऱ्यावरून वर्ध्याच्या बाजूला जाऊन समृद्धी महामार्ग धरता येतो. नागपूर ते आमणे हा ७०१ किलोमीटरचा मार्ग ५ जून २०२५ रोजी शेवटचा टप्पा खुला झाल्यापासून सलग वापरता येतो आणि इगतपुरीजवळच्या बोगद्यामुळे कसारा घाट टळतो. तरीही भरलेल्या ट्रेलरचा थांब्यांसह सरासरी वेग ताशी ४०-४५ किलोमीटर धरला, तर नऊशे किलोमीटरला वीस तास किंवा त्याहून अधिक चाक फिरवावे लागते. कायद्याने घालून दिलेली दिवसाला आठ तासांची मर्यादा प्रामाणिकपणे पाळली, तर हा तीन दिवसांचा प्रवास आहे. दोन चालक नसताना तो दीड दिवसात संपवण्याची अपेक्षा धरणारा मालक चालकाच्या आणि रस्त्यावरच्या इतरांच्या जिवाशी खेळत असतो. ई-वे बिलाची मुदत दर दोनशे किलोमीटर किंवा त्याच्या भागासाठी एक दिवस या हिशेबाने नऊशे किलोमीटरला पाच दिवस मिळते, म्हणजे कायद्याच्या बाजूनेही घाईचे कारण नाही. मुदत संपण्याच्या आधीच्या किंवा नंतरच्या आठ तासांत ती वाढवून घेता येते.

प्रवासाची सुरुवात ज्या भागातून होते त्याचाही विचार करावा लागतो. पावसाळ्यात पर्लकोटा नदीच्या पुराने भामरागडचा संपर्क तुटतो आणि दक्षिण गडचिरोलीत नाल्यांवरचे पूल पाण्याखाली जातात, त्यामुळे त्या भागातून येणाऱ्या गाडीच्या वेळापत्रकात एक दिवस मोकळा ठेवणेच शहाणपणाचे असते. चंद्रपूर-मूल मार्गासारख्या जंगलातून जाणाऱ्या रस्त्यांवर रात्री वन्यप्राणी आडवे येतात, म्हणून भरलेला ट्रेलर तेथून दिवसा काढावा. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो आणि तापलेल्या सिमेंटच्या रस्त्यावर कमी हवेचे टायर फुटतात. त्यामुळे हवा निघताना, टायर थंड असतानाच तपासावी.

बंदर गाठण्याऐवजी नागपूरजवळच पेटी रेल्वेच्या स्वाधीन करणे हा दुसरा मार्ग आहे, आणि वनजिल्ह्यांतील अनेक मालवाहकांना तोच परवडतो. मिहान परिसरात कॉन्कॉरचे आणि बुटीबोरीच्या पुढे बोरखेडी येथे खासगी क्षेत्राचे कंटेनर टर्मिनल आहे. अशा देशांतर्गत कंटेनर डेपोला, म्हणजे कोरड्या बंदराला, सीमाशुल्क खात्याच्या दृष्टीने बंदरासारखाच दर्जा असतो. तेथे तपासणी होऊन पेटी मालगाडीने न्हावा-शेव्याला जाते. चालकाचा प्रवास दीडशे-पावणेदोनशे किलोमीटरवर येतो, तयारी मात्र तीच राहते, फक्त जहाजाऐवजी मालगाडीची वेळ सांभाळावी लागते.

थेट बंदरात जाणाऱ्याला टर्मिनलचे नाव नेमके ठाऊक असावे लागते. ‘जेएनपीटीला’, म्हणजे जवाहरलाल नेहरू बंदरात, ‘जायचे’ एवढी माहिती अपुरी आहे, कारण तेथे एनएसआयसीटी, एनएसआयजीटी, जीटीआय, बीएमसीटी आणि एनएसएफटी अशी वेगवेगळ्या कंपन्यांनी चालवलेली कंटेनर टर्मिनले आहेत आणि एकाचा कागद दुसऱ्याच्या गेटवर चालत नाही. निर्यातीच्या पेटीला आत घेण्याच्या कागदाला फॉर्म तेरा म्हणतात. त्यावर पेटी, जहाज, पडताळलेले वजन आणि गाडी यांची माहिती असते आणि तो निर्यातदाराचा प्रतिनिधी भरतो. प्रवेशद्वारावर केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दल चालकाची ओळख तपासते. १ जुलै २००४ पासून लागू झालेल्या जहाजे आणि बंदरांच्या आंतरराष्ट्रीय सुरक्षा संहितेमुळे ही तपासणी सैल होऊ शकत नाही. जड वाहनाचा परवाना, गाडीचे नोंदणी प्रमाणपत्र, विमा, योग्यता प्रमाणपत्र, प्रदूषण प्रमाणपत्र, राष्ट्रीय परवाना आणि बंदराचा प्रवेश पास यांच्या मुदती निघण्याच्या आठवडाभर आधी पाहून घ्याव्यात. धोकादायक माल असेल तर परवान्यावर त्याचा स्वतंत्र शेरा लागतो.

आत गेल्यावरच्या नियमांपैकी पिळकुलपाचा नियम जिवाशी निगडित आहे. ट्रेलरच्या कोपऱ्यांवर असलेली ही कुलपे पेटीच्या कोपऱ्यातील छिद्रांत शिरतात आणि दांडा नव्वद अंशांत फिरवला की पेटी घट्ट धरतात. पेटी उतरवायच्या वेळी एक जरी कुलूप बंद राहिले, तर क्रेन पेटीबरोबर ट्रेलरही उचलते आणि आत बसलेल्या चालकासह तो खाली आदळू शकतो. म्हणून नेमून दिलेल्या जागी थांबून चारही कुलपे हाताने फिरवून उघडी आहेत याची खात्री करावी, आणि पेटी चढवून घेतल्यावर यार्ड सोडण्यापूर्वी ती चारही बंद करावीत. गंजलेले, अर्धवट फिरणारे कुलूप घेऊन उचलीला जाऊच नये. यार्डात चमकदार जॅकेट, शिरस्त्राण आणि बंद बूट घालूनच उतरावे, आणि क्रेन काम करत असताना सांगितलेल्या जागेवरून हलू नये.

आयातीची भरलेली पेटी उचलताना क्रम उलटा असतो. सीमाशुल्क भरून खात्याची सोडचिठ्ठी मिळणे, जहाज कंपनीचा डिलिव्हरी ऑर्डर निघणे आणि टर्मिनलचा किंवा बंदराबाहेरच्या कंटेनर केंद्राचा गेटपास तयार होणे, या तिन्ही गोष्टी झाल्याचे दलालाकडून लेखी कळल्याशिवाय गाडी चंद्रपूरहून हलवू नये. बाहेर पडण्यापूर्वी पेटी आणि सील यांचे क्रमांक गेटपासशी जुळतात का ते पाहावे, आणि सील तुटलेले किंवा वेगळे आढळल्यास तेथेच लेखी नोंद करून घ्यावी. रिकामी पेटी कोठे आणि किती दिवसांत परत करायची हे आधीच विचारावे. नागपूरच्या यार्डात परतीची सोय असेल तर एक लांबची फेरी वाचते, ती नसेल तर मोफत दिवसांची मुदत उलटून दर दिवसाचा आकार चढत जातो.

या सगळ्या तयारीत चालकाच्या हातात जेवढे आहे त्याहून अधिक मालक, दलाल आणि निर्यातदार यांच्या हातात आहे, आणि चुकीची किंमत मात्र बहुतेक वेळा चालक रांगेत उभा राहून, झोप गमावून मोजतो. चंद्रपूर, बल्लारपूर, घुग्घुस आणि वडशाच्या वाहतूकदारांनी कंटेनरच्या कामावर गाडी पाठवताना चालकाला पेटीचा क्रमांक, सीलचा क्रमांक, टर्मिनलचे नाव, गेट बंद होण्याची वेळ आणि गेटवर भेटणाऱ्या माणसाचा दूरध्वनी क्रमांक मराठीत एका कागदावर लिहून द्यावा, आणि गेटवर थांबावे लागलेल्या दिवसांचा भत्ता बिल्टीवरच नमूद करावा.